इन्किलाब आणि मतपेटी

जतमध्ये निवडणूक आली की जुने विद्यार्थी आम्हाला गाठतात. "मत देऊन काय होतं? आता इन्किलाबच पाहिजे," म्हणतात. आम्ही त्यांना आपल्याच मुलखाचा इतिहास सांगतो.

१९४२ च्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी प्रतिसरकार उभारले. १९४३ ते १९४६ या काळात गावोगाव न्यायनिवाडे झाले, कमी खर्चात लग्ने लागली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेचा खजिना लुटला गेला. कुंडल हे तुफान सेनेचे केंद्र होते.

या लोकांनी बंदूक का धरली? १९३५ च्या कायद्याने मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहून दिला होता. शेतमजुराला तो नव्हता. मुसलमानांना वेगळ्या मतदारसंघात बसवले होते. आमचे जत तर डफळ्यांचे संस्थान. इथल्या रयतेला मुंबईच्या विधिमंडळासाठी मतच नव्हते. दार बंद असले की माणूस भिंत फोडतो.

पण कुंडल ज्या औंध संस्थानात होते, तिथे १९३९ पासून निवडलेल्या ग्रामपंचायती होत्या. म्हणजे दोन्ही वाटा एकाच मातीतून गेल्या. दार उघडल्यावर क्रांतिकारकांनीही तेच केले. नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत गेले. 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा देणारे मौलाना हसरत मोहानीसुद्धा संविधान सभेचे सभासद होते. या दोघांना आम्ही थकलेले म्हणणार काय?

१९४८ मध्ये जत विलीन झाले. १९५१-५२ च्या निवडणुकीत गरीब विणकराच्या बीवीचे मत आणि संस्थानिकाचे मत सारखेच मोजले गेले. याहून मोठा इन्किलाब कोणता?

तरी मत दिले की काम संपले, असे नाही. आमच्या तालुक्याने पिढ्यान्‌पिढ्या मते दिली आणि टँकरची वाट पाहिली. म्हैसाळच्या पाण्यासाठी सीमेवरच्या गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. २०२२ मध्ये त्याची चर्चा दोन्ही राज्यांत झाली, तेव्हा सरकारला विस्तारित योजनेकडे बघावे लागले. बंदूक लागली नाही, पण नुसत्या मतानेही भागले नाही. दोन निवडणुकांमधली पाच वर्षे जागे राहावे लागले.

म्हणून मुलांना आम्ही एवढेच सांगतो : आधी मतदार यादीत आपले, अम्मीचे आणि आपाचे नाव आहे का ते बघा. मग इन्किलाबाचे बोलू.