आमच्या घरातली बंदूक

आमच्या घरातल्या बंदुकीविषयी वर्गातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. सतरा सप्टेंबरचे झेंडावंदन झाले की घरी जाता जाता निम्मा वर्ग ती पाहायला आमच्या ओसरीवर थांबायचा. 'रझाकाराच्या हातून हिसकावलेली बंदूक' हीच तिची ओळख. वडील गेल्यावर ती रीतसर माझ्या नावावर झाली, तेव्हा परवान्यावर 'जुनी बंदूक, एक' यापलीकडे काही नव्हते. ती कोणती, कुठली, किती सालची हे शोधायला लागलो, त्याची ही हकीकत. इतिहासाच्या सरांनी तपासून घ्यावी ही विनंती.

खोबरेल तेल आणि जुन्या धोतराचा तुकडा घेऊन घोड्याजवळची लोखंडी पट्टी पुसली. मुकुट दिसला, खाली व्ही. आर. ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरे, आणि पुढे '१८६२, एनफील्ड'. इथेच कोडे पडले. १८६२ ची एनफील्ड ठासणीची. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची. आमची तर मागच्या बाजूने, उजवीकडे उघडणाऱ्या झडपेतून भरायची आहे. पुस्तके चाळल्यावर उलगडा झाला. १८६६ पासून इंग्रजांनी जुन्या एनफील्ड मोडीत न काढता बदलून घेतल्या. नळीचा मागचा सुमारे अडीच इंच तुकडा कापायचा आणि तिथे बिजागरीची झडप असलेला नवा भाग आट्यांवर बसवायचा. दस्ता, घोडा, उरलेली नळी जुनीच. ही युक्ती जेकब स्नायडर या अमेरिकन दारूच्या व्यापाऱ्याची (पिण्याच्या दारूच्या, बंदुकीच्या नव्हे!). म्हणून या बंदुकीला स्नायडर म्हणतात. ठासणीने मिनिटाला तीन बार व्हायचे, हिने दहापर्यंत.

म्हणजे आमच्या बंदुकीचे मूळ अंग त्याच एनफील्डचे, जिच्या चरबीच्या काडतुसांवरून १८५७ पेटले. त्याची झळ आपल्या औरंगाबादलाही लागली होती. इथल्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटचे घोडदळ होते. दिल्लीच्या बादशहावर चालून जायला लावणार या बातमीने पहिली पलटण जून १८५७ मध्ये बिथरली. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली आणि बंड मोडले. बंडवाल्यांना शिक्षा झाली तो काळा चबुतरा म्हणजे आजचा क्रांती चौक. बसने आपण तिथून किती वेळा गेलो असू!

त्यानंतर इंग्रजांनी धोरणच ठरवले, की देशी शिपायाचे हत्यार गोऱ्याच्या एक पाऊल मागे असावे. गोऱ्या सोजिरांना मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा आपल्या शिपायाच्या हाती स्नायडर आली. १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धातही हाच भेद होता. हैदराबाद कंटिन्जंट १९०३ मध्ये इंग्रजांच्या हिंदी फौजेत विलीन झाले. त्याच्या पायदळातून पुढे १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ मध्ये तिलाच कुमाऊँ हे नाव मिळाले.

आमच्या बंदुकीवर आणखी एक खूण आहे. दोन बाण, टोकाला टोक भिडवलेले. ही खूण सरकारने विकून टाकलेल्या हत्यारावर मारत. म्हणजे ती फौजेतून बाहेर पडून खासगी हातात आली होती.

आता राहिले रझाकार. १९४८ मध्ये सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानाने निजामासाठी शस्त्रे आणत होता. तरी बहुतेक रझाकारांच्या हाती ठासणीच्या बंदुका आणि तलवारीच होत्या. तेव्हा घरातली गोष्ट बंदुकीशी जुळत होती. हे सगळे जालन्याला आत्याला सांगायला गेलो. तिचे वय आता नव्वदीकडे. ऐकून घेतले आणि म्हणाली, "हिसकावली नाही रे बाबा. ठेवायला दिली होती."

ती आमच्याच गल्लीतल्या एका मुस्लिम शेतकऱ्याची. रानडुकरं हाकायला ठेवलेली. आजोबांची आणि त्यांची पेरणीला सावड असायची. १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. रझाकारांनी गावोगाव काय केले ते आपल्या घराघरांत सांगितले जाते. त्यानंतरचा सूड साध्यासुध्या मुसलमानांवर निघाला, हे कमी सांगितले जाते. सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांनी त्या वर्षअखेरीला दौरा केला आणि राज्यभरात २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक दशके बंद होता. अशा दिवसांत घरात बंदूक सापडणे म्हणजे रझाकार ठरणे. एका रात्री गोणपाटात गुंडाळून ती आमच्या घरी आली, आजोबांनी माळवदावर कडब्याखाली ठेवली, आणि ते कुटुंब नातेवाइकांकडे हैदराबादला निघून गेले.

"मग हिसकावली असं का सांगायचे?"

"त्यांचं नाव निघू नये म्हणून. तेव्हा तसंच सांगणं बरं होतं." वडील तेव्हा चार वर्षांचे. त्यांच्या कानावर तेवढेच पडले.

आत्याच्या ट्रंकेत त्या कुटुंबाची दोन पत्रे निघाली. आजोबांचे शिक्षण निजामाच्या उर्दूत झालेले, मला अलिफही येत नाही. आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या वडिलांनी ती वाचून दाखवली. बंदुकीचा उल्लेख कुठेही नाही. बैलांची चौकशी आहे, आणि विहिरीला पाणी किती आहे ते विचारले आहे.

दुसऱ्या पत्रावर हैदराबादच्या एका मोहल्ल्याचा पत्ता आहे. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन येणार आहे. परवाना महाराष्ट्रापुरताच असल्यामुळे बंदूक नेता येत नाही, म्हणून तिचे फोटो काढून ठेवले आहेत. विहिरीचाही एक काढला आहे.