प्रस्तावना : माकड, गोचीड आणि माणूस

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा विषाणू शोधून काढला. हाच माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात काजूच्या बागांपर्यंत पोचला. माणसांचे आणि प्राण्यांचे आरोग्य एकत्र का पाहायचे, हे या तापाइतके स्पष्टपणे क्वचितच कुठला आजार शिकवतो.

माकड मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड थंड पडलेले शरीर सोडून पाचोळ्यात उतरतात. काजू वेचायला किंवा सरपणाला आलेल्या माणसाला ते चावतात. मेलेले माकड वनरक्षकाला दिसते, शवविच्छेदन पशुवैद्य करतो आणि तापाचा रुग्ण जातो प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिघांचे वरिष्ठ वेगळे, निधी वेगळा, नोंदवह्याही वेगळ्या. शिवाय हा ताप माणसाकडून माणसाकडे पसरत नाही. त्यामुळे दवाखान्यात रुग्णाची कितीही उत्तम काळजी घेतली, तरी साथ जंगलात चालूच राहते.

गुरांची गोष्ट अधिक अवघड आहे. जंगलात चरणाऱ्या गाईम्हशींच्या रक्तावर मोठे गोचीड पोसतात आणि त्यांची पैदास वाढते. गुरे मात्र या विषाणूने आजारी पडत नाहीत. जनावर धडधाकट असताना पशुवैद्यकीय दवाखान्याने गोचीड निर्मूलनावर खर्च का करावा? त्याचा लाभ तर आरोग्य खात्याच्या आकडेवारीत दिसणार! समन्वय अडतो तो इथे. माणसे सहकार्याला तयार असतात. पण दुसऱ्या खात्याचा रुग्ण वाचवणे हे त्यांच्या कामाच्या यादीतच नसते.

म्हणून माणसांच्या आणि प्राण्यांच्या एकत्रित आरोग्याच्या या विषयात प्रयोगशाळेइतकाच कार्यालयीन व्यवहाराचाही अभ्यास करावा लागतो. मेलेल्या माकडाची खबर आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कोणी द्यायची? नमुने कोणाच्या गाडीतून जायचे? अहवाल आधी कोणाला मिळायचा? डिसेंबरात तापाचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ही उत्तरे लेखी ठरलेली असतील, तर बागेत जाणाऱ्यांना गोचीड-प्रतिबंधक तेल वेळेवर मिळते.

वैद्यक, पशुवैद्यक, वनशास्त्र, समाजशास्त्र यांपैकी कोणत्याही वाटेने तुम्ही आला असाल, तुमचे मनापासून स्वागत. शेजारच्या शाखेचे एक तरी पुस्तक सोबत ठेवा आणि काजूच्या हंगामात एकदा बागायतदारांशी बोलून या. माकडे कुठे मरत आहेत, हे बहुधा त्यांना सर्वांआधी ठाऊक असते.