तांबडे लुगडे काळे कसे झाले?

चर्चमध्ये विवाहाच्या घोषणा वाचल्या जाऊ लागल्या की अलीकडे वधूवरांच्या घरी एक नवीनच खल सुरू होतो. लग्नाआधी एखाद्या सकाळी दोघांनी वसईच्या किल्ल्यात, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर किंवा कुणाच्या तरी केळीच्या बागेत जाऊन फोटो काढून घ्यायचे असतात. आणि त्या वेळी अंगावर काय घालायचे, हा तो खल. तिने निळे घातले तर त्याने काय घालावे? गाऊन न्यावा की साडी? आजीच्या ट्रंकेतले लुगडे एकदा नेसून पाहावे काय? घरातील वडीलधाऱ्यांना हे सारे थेर वाटतात. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. वडीलधाऱ्यांचा पूर्ण मान राखून आम्ही म्हणतो, की होते. उघड्यावर फोटो काढताना कोणते वस्त्र ल्यावे, हा प्रश्न छायाचित्रणकलेइतकाच जुना आहे. किंबहुना प्रारंभीची काही वर्षे माणसांचे फोटो उघड्यावरच निघत, आणि त्यांनी काय ल्यावे यात त्यांच्या आवडीपेक्षा सूर्याला व काचेला अधिक मत होते.

यासाठी वाचकांना थोडा वेळ स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी यावे लागेल. १८ मे १८४३ रोजी तेथे एक मोठी धार्मिक घटना घडली. धर्मोपदेशकांच्या नेमणुकीत जमीनदारांचा व सरकारचा हात नको, या मागणीवरून साडेचारशेहून अधिक पाळक स्कॉटलंडच्या प्रस्थापित चर्चमधून बाहेर पडले. घर आणि वेतन या दोहोंवर पाणी सोडून ते निघाले होते. पंथ आपला नव्हे. पण त्यांच्या धैर्याला दाद द्यावीच लागते. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराने हा प्रसंग एका भव्य चित्रात उतरवण्याचे ठरवले. पण शेकडो पाळक आपापल्या गावी पांगण्याआधी त्यांचे चेहरे टिपायचे कसे? सर डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने त्याची रॉबर्ट अ‍ॅडमसन या तरुणाशी गाठ घालून दिली. अ‍ॅडमसनने त्याच वर्षी कॅल्टन टेकडीवरील रॉक हाउस या घरात छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला होता. फॉक्स टॅल्बट यांच्या पद्धतीने तो कागदावर प्रतिमा घेत असे. (हिलचे ते चित्र मात्र पुरे व्हायला १८६६ साल उजाडले!)

रॉक हाउसमधील गंमत अशी, की कागदाला उजेड फार लागत असल्यामुळे घराच्या आत फोटो निघणे शक्यच नव्हते. म्हणून हिल आणि अ‍ॅडमसन खुर्च्या, मेज, पुस्तके, जाड पडदे असे सगळे सामान बाहेर अंगणात मांडत आणि उन्हात दिवाणखाना उभा करीत. बसणाऱ्याने मिनिट-दीड मिनिट, कधी त्याहूनही अधिक काळ स्तब्ध राहायचे. मान हलू नये म्हणून टेकू, हात हलू नये म्हणून तो कशावर तरी ठेवलेला. आपल्या पणजोबांच्या फोटोतील तो हात, जो खुर्चीच्या पाठीवर इतका ताठ ठेवलेला दिसतो, त्याचे मूळ येथे आहे. पुढे काचा जलद झाल्या, पण ती ढब राहिली.

याच जोडीने एडिंबरोजवळच्या न्यूहेवन या कोळीवाड्यातील माणसांचीही पुष्कळ छायाचित्रे घेतली. पुरुष समुद्रावर जाणारे आणि बायका पाठीवर माशांच्या करंड्या घेऊन शहरात ओरडत फिरणाऱ्या. पाचूबंदर-नायगावच्या आपल्या मासळीवाल्या भगिनींना त्या परक्या वाटू नयेत. त्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे घेरदार परकर त्या छायाचित्रांत इतके ठसठशीत उतरले आहेत, की दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही नजर प्रथम तेथेच जाते. फोटोसाठी त्यांनी काही निराळे घातले नव्हते. रोजच्या कामाचा वेषच कॅमेऱ्याला मानवला. एडिंबरोतील प्रतिष्ठितांचे काळे कोट मात्र त्या कागदावर गडद डाग होऊन बसले. त्यांतून चेहरे आणि हात तेवढे वर येतात.

आता त्या काचेविषयी. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कलोडियनची ओली काच प्रसिद्ध केली आणि पुढील सुमारे ३० वर्षे जगभर तिचेच राज्य चालले. या काचेचा एक दोष होता. तिला निळा व जांभळा उजेड तेवढा दिसे. पिवळा फारच कमी, आणि तांबडा जवळजवळ नाहीच. त्यामुळे निळे आकाश पांढरेफेक होई, निळे डोळे बिनरंगाचे दिसत, फिकट निळा झगा पांढरा होई आणि तांबडा झगा काळा. म्हणून त्या काळचे छायाचित्रकार गिऱ्हाइकांना आधीच बजावून ठेवीत: पांढरे आणि फिकट निळे टाळा, गडद रंगाचे रेशीम घाला. आजच्या फोटोग्राफरच्या सूचना ऐकून ज्यांना नवल वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

येथे पांढऱ्या विवाहवस्त्राविषयी एक खुलासा. राणी व्हिक्टोरियाचे लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झाले आणि तिने पांढऱ्या साटिनचा झगा घातला होता, हे सर्वश्रुत आहे. त्या लग्नाचा एकही फोटो नाही. राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांचे जे जोडीने काढलेले फोटो ‘विवाहाचे’ म्हणून पुष्कळदा छापले जातात, ते रॉजर फेंटन याने ११ मे १८५४ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात घेतले. त्या वेळी लग्नाला १४ वर्षे होऊन गेली होती आणि राणीच्या अंगावर दरबारी पोशाख होता. पांढरा झगा, डोक्यावर फुले आणि जाळी एवढे पाहिले की लोक लग्न गृहीत धरतात. फोटो खोटे बोलत नाही म्हणतात; पण त्याच्याकडून खोटे वदवून घेणे फार सोपे असते. आणि पांढरा झगा हा त्या काळी श्रीमंतांचा सोस होता. इंग्लंडमधील साधी वधू पुढे अनेक वर्षे पुन्हा रविवारी वापरता येईल अशाच रंगीत कपड्यांत विवाहाला उभी राहत असे. ‘पांढरा गाऊन म्हणजेच ख्रिस्ती विवाह’ असे मानणाऱ्यांना आमची विनंती आहे, की चर्चने असा नियम कधीही केलेला नाही.

आपल्याकडे ही कला लवकर आली. मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी त्या प्रारंभीच्या काळातच छायाचित्रकार म्हणून नाव मिळवले. विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांत माणसे आपापल्या वेषात मुंबईच्या रस्त्यांवर, देवळांसमोर, समुद्रकाठी उभी दिसतात. प्रत्यक्षात ती तेथे उभी नव्हतीच. माणसांचा फोटो एका जागी घेतलेला, देखावा दुसऱ्या जागचा, आणि छापताना दोहोंची सांधेजोड केलेली! बारकाईने पाहिले तर पायांखालची सावली जुळत नाही. एडिंबरोत उघड्यावर घर उभारले, तर मुंबईत घरातल्या माणसांना उघड्यावर नेऊन ठेवले. नंतरच्या स्टुडिओंनी आणखी सोपा मार्ग काढला आणि पाठीमागच्या कापडावर सरोवर, कमानी, वेली रंगवल्या. आपल्या कित्येक घरांतील भिंतीवर आजी-आजोबा अशाच एका रंगवलेल्या तळ्याकाठी बसले आहेत. स्टुडिओत कोटही भाड्याने किंवा नुसता घटकाभर वापरायला मिळे. एकच कोट गावातील कितीजणांच्या फोटोत असेल, हे शोधणे मोठे मनोरंजक होईल. तेव्हा फोटोपुरते उसने कपडे घालण्याचा दोष आजच्या मुलामुलींच्याच माथी मारणे काही बरोबर नाही.

आता आम्ही ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या मुद्द्याकडे येतो. वसईतील सामवेदी ख्रिस्ती स्त्रियांचे नऊवारी लुगडे तांबड्या चौकड्यांचे. वाडीत, बाजारात, मिस्साला ते तांबडे लुगडे उठून दिसे. पण जुन्या फोटोत पाहावे तर तीच स्त्री काळ्या वस्त्रात उभी! मध्यंतरी एका धर्मग्रामात सणाच्या कार्यक्रमासाठी तरुण मंडळींनी ‘जुन्या फोटोत आहेत तशी’ म्हणून काळपट चौकड्यांची लुगडी मागवल्याचे आम्ही पाहिले. त्यांचा हेतू उत्तम होता आणि पुरावाही हातात होता. पूर्वीच्या बायका सदा दुखवट्यात असत काय, असा प्रश्न एका मुलीने अगदी गंभीरपणे विचारला. तांबडे लुगडे नेसलेली एक वृद्धा समोरच बसली होती म्हणून बरे. आणखी २० वर्षांनी हे सांगायला कोण असणार?

यात दोष स्त्रियांचा नाही, विणकराचा नाही आणि फोटोवाल्याचाही नाही. तो काचेचा आहे. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला असे आढळले, की लेपात काही रंगद्रव्ये मिसळल्यास काचेला हिरवा-पिवळा उजेडही दिसू लागतो. त्यावरून ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ काचा निघाल्या. पण तांबड्याच्या बाबतीत त्याही आंधळ्याच. फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा का चाले, याचे उत्तर हेच: तो दिवा काचेला दिसतच नसे. सर्व रंग पाहणाऱ्या ‘पॅनक्रोमॅटिक’ काचा १९०६ पासून विकत मिळू लागल्या, तरी जुना माल पुष्कळ काळ खपत राहिला. कोडॅकची ‘व्हेरिक्रोम’ ही लोकप्रिय फिल्म १९३१ ची. ती तांबडे न पाहणारीच होती, आणि तिच्या जागी ‘व्हेरिक्रोम पॅन’ आली ती १९५६ मध्ये. म्हणून आमचे वाचकांना सांगणे असे, की विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या फोटोत वस्त्र काळे दिसले तर ते काळेच होते असे समजू नये. ते तांबडे असू शकेल, कुंकवाच्या रंगाचे असू शकेल, गडद नारिंगीही असू शकेल. उलट जे पांढरे दिसते ते फिकट निळे असण्याचा संभव आहे.

तांबड्यावरील हा अन्याय दूर झाला तो मोठ्या विचित्र रीतीने. १९०७ मध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी रंगीत फोटोची काच बाजारात आणली. तिच्यावर बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवून पसरलेले असत! या काचेवर तांबडा रंग असा काही खुलला, की छायाचित्रकार तांबड्याच्या मागेच लागले. १९१३ मध्ये मर्व्हिन ओ’गॉर्मन या इंग्रज अभियंत्याने लुलवर्थच्या समुद्रकाठी क्रिस्टिना नावाच्या तरुणीचे तांबड्या वस्त्रातील फोटो घेतले. ते पाहताना काल काढल्यासारखे वाटतात. पुढे १९३६ पासून साध्या कॅमेऱ्यासाठी ‘कोडाक्रोम’ मिळू लागली, आणि १९५० च्या दशकात ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या छायाचित्रकारांना देखाव्यात तांबडा सदरा घातलेला माणूस उभा करण्याची इतकी सवय लागली, की लोक त्यांना थट्टेने ‘तांबड्या सदऱ्याचा संप्रदाय’ म्हणू लागले. ज्या रंगाला काच ७० वर्षे काळे फासत होती, त्याच रंगासाठी माणसे मुद्दाम कपडे बदलू लागली.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला सर्व रंग दिसतात, हे खरे. तरी त्याच्याही काही खोडी आहेत, आणि किल्ल्यात फोटो काढायला निघालेल्या जोडप्याला त्या ठाऊक असाव्यात. ब्राइस बायर या कोडॅकच्या शास्त्रज्ञाने शोधलेल्या आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत हिरव्याचे ठिपके अर्धे असतात. तांबडे आणि निळे केवळ पाव-पाव. भर उन्हात भडक तांबडे कापड या कॅमेऱ्यात सपाट होते आणि चुण्या व वीण दिसेनाशी होते. अगदी बारीक चौकडीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते, जी कापडात मुळात नसतेच. पांढरा गाऊन आणि काळा सूट ही जोडी तर दुपारच्या उन्हात सर्वांत अवघड: झालर राखायला जावे तर सूटचा काळा ठोकळा होतो, सूट राखायला जावे तर झालर विरून जाते. त्यात गवतावर उभे राहिले की पांढऱ्या घेरावर खालून हिरवी झाक चढते. म्हणून सकाळचे किंवा उतरत्या दुपारचे कोवळे ऊन निवडावे. तांबडे लुगडे नेसायचे असेल तर ते अवश्य नेसावे, पण झाडाच्या सावलीत उभे राहावे. तेथे त्याची चौकडी अन् चौकडी मोजता येईल.

आणि तो जुना काळा-पांढरा फोटो? पूर्वी ज्यांना ऐपत असे ते तो चित्रकाराकडून हाताने रंगवून घेत. रंगवणाऱ्याने माणूस पाहिलेला नसे. त्याला ‘लुगडे तांबडे’, ‘काठ हिरवा’ असे सांगावे लागे. सांगितले नाही तर तो मनाने रंग देई. आपल्या घरी असा फोटो असेल आणि त्यातील लुगडे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ते कुणी हयात असेल, तर त्यांना रंग विचारून घ्यावा व तो फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलकेच लिहावा. शाई वापरू नये, ती पुढे झिरपते.