सौद्याचा गूळ

२०२५ च्या नोव्हेंबरात लास व्हेगस येथे झालेल्या फॉर्म्युला वन शर्यतीनंतर मॅक्लारेनचे दोन्ही चालक, नॉरिस आणि पियास्ट्री, बाद ठरले. एक दुसरा आला होता, दुसरा चौथा. गाडीच्या तळाशी बसवलेली फळी शर्यतीअंती किमान ९ मिलिमीटर जाड उरावी, असा नियम आहे. त्यांच्या फळ्या मिलिमीटरच्या काही अंशांनी अधिक झिजलेल्या निघाल्या. कोणी लबाडी केल्याचे कोणी म्हटले नाही, तरी नावे निकालातून गेली.

कोल्हापुरात ही बातमी परकी वाटत नाही. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत, आणि गाड्यांचा नाद हा तालमीच्या नादाइतकाच या गावाच्या अंगात मुरलेला आहे. परंतु मला ती बातमी वाचताना आठवला तो गूळ. दिवाळी पाडव्याचा मुहूर्ताचा सौदा होऊन गेला होता, गुऱ्हाळे धुरावली होती, आणि दर हंगामाप्रमाणे गुळात साखर मिसळल्याच्या, हायड्रॉस घातल्याच्या तक्रारी पुन्हा कानी येत होत्या.

त्या फळीचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९९४ मध्ये इमोला येथे ३० एप्रिलला रात्झेनबर्गर आणि १ मे रोजी सेना, असे दोन चालक लागोपाठच्या दिवशी गेले. गाड्या जमिनीला फार चिकटून धावू नयेत, म्हणून त्याच वर्षी जुलैपासून ही १० मिलिमीटरची फळी सक्तीची झाली. ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या स्पा येथे शूमाकर जिंकला, आणि फळी जास्त झिजली म्हणून त्याचे पहिले स्थान काढून घेण्यात आले. त्याच स्पा येथे २०२४ मध्ये रसेल पहिला आला. गाडी ७९८ किलो हवी होती, ती ७९६.५ भरली, आणि दीड किलोपायी विजय गेला. लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला विजय काटा नाकारू शकतो, हे त्या खेळाने मान्य केले आहे. त्यासाठी माणसे मरावी लागली, ही गोष्ट वेगळी.

आता आपला काटा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, ती प्रामुख्याने गुळाच्या व्यापारासाठी. पुढे तो व्यापार मार्केट यार्डात गेला, २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. या साऱ्या काळात गुळाचा भाव ठरवला तो मुख्यतः रंगाने. गुजरातच्या पेठेला पिवळाधमक रवा हवा असतो. गाढवाला गुळाची चव काय, असे आपण म्हणतो खरे. पण सौद्यात उभ्या असलेल्या शहाण्या माणसालाही चवीशी फारसे कर्तव्य नसते.

माझ्या आजोबांचे पंचगंगाकाठी गुऱ्हाळ होते. गुळव्या हा तिथला खरा धनी. काहिलीत रस उकळू लागला की भेंडीचा चिकट रस घालून तो मळी वर आणी, ती काढून टाकी. मग पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाही आणि काहील उतरवण्याची आज्ञा देई. चुलवणात चिपाड सारणारा जळव्या त्याच्या नजरेवर काम करी. ही सारी विद्या बोटांत होती, कागदावर कधी आली नाही. पण जमीन आणि पाणी जसे असेल तसाच गुळाला रंग येतो, आणि खारवट रानातला ऊस कितीही निगुतीने शिजवला तरी तांबूसच उतरतो. तेथे गुळव्याची विद्या संपते आणि पावडरीचा डबा उघडतो. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. त्याने रस उजळतो, मागे गंधकाचा अंश राहतो, दम्याच्या माणसाला तो बाधतो. गंमत अशी की हा उजळपणा टिकतही नाही. साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. तोवर तो विकला गेलेला असतो.

आमच्याकडे दोन गूळ होत. सौद्याचा निराळा आणि घरचा निराळा. घरच्या काहिलीत तो डबा उघडला जात नसे. लहानपणी मला याचा अभिमान वाटे, की आम्ही चांगला गूळ खातो. डबा दुसऱ्यांच्या काहिलीसाठी होता, हे कळायला कॉलेजात जावे लागले. आजोबांना एकदा विचारलेही. ते रागावले नाहीत. ‘काळ्या रव्याला कोण हात लावतंय सांग,’ एवढेच म्हणाले. माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण दुकानात आपण सारेच पिवळ्या गुळाकडे बोट दाखवतो.

कायदा नाही असे नव्हे. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता, त्याच्या जागी २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला आणि २०११ पासून लागू झाला. अधिकारी नमुना घेतो, त्याचे चार भाग करतो, आणि विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा असे त्यात म्हटले आहे. शर्यतीत मोजमाप झाल्यावाचून निकाल पक्का होत नाही. येथे सौदा आधी पक्का होतो, रवा फुटतो, दिवाळीच्या नाहीतर संक्रांतीच्या लाडवांत जातो, आणि मग अहवाल येतो. ज्या ढेपेचा तो अहवाल, तिच्या कुटुंबातल्या बाकीच्या ढेपा तोवर कुणाच्या तरी पोटात गेलेल्या असतात.

आजोबा गेले, गुऱ्हाळ मोडले. ऊस आता कारखान्याला जातो, हे वेगळे सांगायला नको. परवा बाजारात एका दुकानात काळसर गूळ दिसला. ‘सेंद्रिय’ अशी चिठ्ठी, भाव पिवळ्याहून बराच चढा. घेतला. घरी आणून फोडला, जिभेवर ठेवला. चव ओळखीची वाटली, पण खात्री होईना. हल्ली काळा रंगही विकला जातो, हे मला ठाऊक आहे.