मेंदूतलं डोपामिन स्कॅनमध्ये कसं दिसतं?

डहाणू-तलासरीच्या रानात खाजकुइलीचे वेल सगळ्यांच्या ओळखीचे. शेंगेला हात लागला की माणूस खाजून बेजार. याच शेंगेच्या बियांमध्ये लेव्होडोपा असतं, आणि कंपवातावर म्हणजे पार्किन्सनवर डॉक्टर देतात त्या गोळीतलं मुख्य औषधही तेच. मेंदूचा स्कॅन समजावताना मी इथूनच सुरुवात करतो.

डोपामिन हा मेंदूतला रासायनिक निरोप्या. हालचालींवर ताबा ठेवायला तो लागतो. रक्तातून तो मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरतं, आणि आत पेशी त्याचं डोपामिन करतात. एमआरआयमध्ये मेंदूची घडण दिसते, निरोप्या नाही. म्हणून युक्ती अशी: लेव्होडोपाच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडायचं, शिरेतून द्यायचं आणि ते कुठे साठतंय हे पेट कॅमेऱ्याने टिपायचं. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये अशी चित्रं प्रसिद्ध केली.

अडचण वेळेची. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, आणि ते सायक्लोट्रॉनमध्येच बनवावं लागतं. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. चर्चगेट ते डहाणू रोड सुमारे १२४ किलोमीटर. लोकलच्या तीनेक तासांत औषध जेमतेम एक तृतीयांश उरेल. त्यामुळे औषध गावाकडे येत नाही, रुग्णालाच शहरात जावं लागतं.

ट्रोडॅट स्कॅन त्यामानाने सोपा. त्यातलं टेक्नेशियम-९९एम सहा तासांनी निम्मं होतं आणि रुग्णालयातच छोट्या जनरेटरमधून काढता येतं. सुटलेलं डोपामिन परत आत ओढणाऱ्या प्रथिनाला हे औषध चिकटतं. निरोगी मेंदूत मधोमध दोन ठळक स्वल्पविराम दिसतात. कंपवातात आधी त्यांच्या शेपट्या विझतात, बहुधा एका बाजूला जास्त, आणि उरतात नुसते ठिपके.

हात थरथरतो म्हणजे कंपवातच, असं नाही. घराण्यात चालत आलेली थरथर किंवा काही मानसिक आजारांच्या, उलटीच्या गोळ्यांमुळे आलेली थरथर असेल, तर स्वल्पविराम सहसा शाबूत असतात. अशा माणसाला वर्षानुवर्षं कंपवाताच्या गोळ्या का द्यायच्या? मात्र कंपवातासारख्या दुसऱ्या काही आजारांतही शेपट्या विझतात, म्हणून नुसत्या स्कॅनवरून निदान होत नाही. लक्षणं स्पष्ट असतील तर माझ्या मते न्यूरॉलॉजिस्टची तपासणीच पुरे.

इंजेक्शननंतर फोटोसाठी तीन-चार तास थांबावं लागतं, तेव्हा तलासरीहून जाणाऱ्याने अख्खा दिवस धरावा. गोळ्यांची यादी सोबत न्यावी. खाजकुइलीचं चूर्ण चालू असेल तर तेही सांगावं. कुठली गोळी थांबवायची ते डॉक्टरच ठरवतील, परस्पर बंद करू नये.