पुण्याचा खासदार आणि पुण्याचा नकाशा

इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात ओल्ड सॅरम नावाची टेकडी आहे. वस्ती जवळजवळ उठून गेली, तरी १८३२च्या सुधारणा कायद्यापर्यंत ती दोन प्रतिनिधी संसदेत पाठवत असे. त्याच काळात गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला मात्र स्वतःची एकही जागा नव्हती. मतदान जितकं महत्त्वाचं, तितकीच मतदारसंघाची हद्दही महत्त्वाची, हे मला या गोष्टीवरून पटतं. आपल्या पुण्याचंच पाहा ना.

१९५२च्या पहिल्या लोकसभेसाठी पुणे मध्यमधून काकासाहेब गाडगीळ, तर पुणे दक्षिणमधून इंदिराबाई मायदेव निवडून आल्या. दोघंही काँग्रेसचे. पाच वर्षांत वारं फिरलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनं शहर ढवळून निघालं होतं. काकासाहेबांनी लोकसभेत मराठी राज्याची बाजू मांडली होती, पण १९५७मध्ये त्यांचा पक्षच त्यांना नडला. गोवा सत्याग्रहात तुरुंगवास भोगून आलेले प्रजासमाजवादी नानासाहेब गोरे विजयी झाले. १९६०मध्ये राज्य मिळालं आणि १९६२मध्ये जागा पुन्हा काँग्रेसकडे, शंकरराव मोरे यांच्याकडे आली. १९६७मध्ये पुणेकरांनी समाजवादी एसेम जोशींना दिल्लीला धाडलं.

मोहन धारियांची गोष्ट तर आणखी बोलकी. १९७१मध्ये ते काँग्रेसचे खासदार झाले. जयप्रकाशांशी बोलणी करा, असं म्हटल्यामुळे १९७५मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं. १९७७मध्ये त्याच पुण्यानं त्यांना जनता पक्षातर्फे निवडून दिलं. पुढे काकासाहेबांचे चिरंजीव विठ्ठलराव गाडगीळ १९८०पासून सलग तीनदा जिंकले. १९९१मध्ये अण्णा जोशींच्या रूपानं भाजपनं प्रथमच ही जागा घेतली.

मग २००८मध्ये नकाशा बदलला. २००१च्या जनगणनेवर बेतलेल्या पुनर्रचनेत पुण्याच्या वाट्याला वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ हे सहा विधानसभा मतदारसंघ आले. हडपसर शिरूरला जोडलं गेलं, खडकवासला बारामतीला. पिंपरी-चिंचवड ज्या मावळात गेलं, तो तर घाट उतरून थेट उरणपर्यंत पोचतो. म्हणून धायरीचा माणूस नोकरी पुण्यात करतो, पाणीपट्टी पुण्याला भरतो आणि खासदार मात्र बारामतीचा निवडतो.

आणि खासदारच नसेल तर? गिरीश बापट यांचं २९ मार्च २०२३ रोजी निधन झालं. रिकामी जागा साधारणतः सहा महिन्यांत भरावी, असं कायदा सांगतो. पोटनिवडणूक झाली नाही. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं ती घेण्याचा आदेश दिला, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. ४ जून २०२४ला मुरलीधर मोहोळ निवडून येईपर्यंत, चौदा महिन्यांहून अधिक काळ, लोकसभेत पुण्याचं बाक रिकामंच राहिलं.

एवढ्या काळात मोर्चे किती निघाले? जवळजवळ नाहीच. गाडगीळांना पाडणारं आणि धारियांना दोन पक्षांतून निवडणारं हे शहर. निकालाच्या दिवशी आपण जेवढे जागे असतो, तेवढे हद्दी आखल्या जाताना आणि जागा रिकामी असतानाही राहायला हवं, असं मला वाटतं.