मोर-द-शियाँ
मोर-द-शियाँ : पटकी (कॉलरा) या रोगासाठी जुन्या इंग्रजी लिखाणात येणारा, आता प्रचारातून गेलेला शब्द. रूप फ्रेंच, अर्थ ‘कुत्र्याचे मरण’; मूळ मात्र मराठी-कोकणी ‘मोडशी’. लोक ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले, असे गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्येच लिहून ठेवले. फ्रेंचांनी त्या उच्चारावर ओळखीचे शब्द चढवले, आणि बिचाऱ्या कुत्र्याचे नाव विनाकारण गोवले गेले. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने (१८८६) ‘मोडणे’पर्यंत माग काढला. जुलाब-वांत्यांनी काही तासांत माणूस मोडून पडतो, हे पाहता ही व्युत्पत्ती पटते.

या रोगाचा असा झपाटा १८१७ मध्ये दिसला. ग्वाल्हेरचे राजे दौलतराव शिंदे यांच्यावर दाब आणण्यासाठी इंग्रज गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जची फौज मध्य भारतातील सिंध नदीकाठी उतरली होती. ५ नोव्हेंबरला तह झाला. त्याच महिन्यात छावणीत पटकी उसळली. लढाई न होताच माणसे पटापट दगावली, त्यांत शिपायांहून बाजारबुणगे कितीतरी अधिक. अखेर तळ बेटवेकाठी एरिचला हलवावा लागला.

मराठीत ‘मोडशी’ आज साध्या अपचनापुरती उरली आहे.